नांदतं घर विकणे आहे

“वन्सं, कडी आतनं लावा! आणि कुणी हाक मारली तर आधी नाव विचारा, मगच दार!”

बोळाच्या तोंडाशी उभं राहून वहिनी ओरडल्या होत्या. त्यांचा आवाज तसा लहान नव्हताच, पण त्या संध्याकाळी त्यांनी तो मुद्दाम मोठा काढला होता. ह्या घरात आजपासून माणूस आहे, हे सगळ्या बोळाला कळावं म्हणून. समोरच्या दोन खिडक्या उघडल्या. दादा सायकल धरून वहिनींच्या मागं उभा होता, मान खाली घालून.

“अगं, अजून विचार कर,” तो म्हणाला. “एकटी बाईमाणूस. लोक काय म्हणतील?”

“लोकांना घर दाखवायचंय. त्यांचं मत कुणी मागितलंय?”

“माझी बहीण आहे ती.”

“आणि माझी नणंद. तुम्हाला कुणी काही म्हणणार नाही, नावं ठेवतील ती मला. चला, भाकरी गार व्हायल्यात.”

मी कडी लावली आणि दाराला पाठ टेकून उभी राहिले. आत नव्या चुन्याचा वास होता. एक घडवंची, एक चूल, एक स्टोव्ह, दोन पातेली, पाण्याची घागर. सायकलच्या घंटीचा आवाज लांब जात जात विझला. तोवर मी आयुष्यात कधी एकटी झोपले नव्हते. आधी आईजवळ, मग सासरी, मग दादाकडं. पहिल्यांदाच एक अख्खं घर माझ्याकडं बघत उभं होतं, आणि आता पुढं काय, असं जणू तेच मला विचारत होतं.

माझं सासर जतकडचं. मूल होईना म्हणून मालकांनी दुसरी केली आणि मला एसटीत बसवून दिलं. दादा मिरज स्टेशनात सिग्नलच्या कामाला होता. राहायला रेल्वेचं दोन खोल्यांचं क्वार्टर, एक स्वयंपाकाची, एक बसाउठायची, पुढं व्हरांडा. मला ट्रंकेसकट दारात बघून त्यानं काही विचारलं नाही. “हातपाय धू, जेवायला बस,” एवढंच म्हणाला. आई तोवर गेली होती.

आमच्या आईला ओव्या फार यायच्या. तिच्या ओव्यांतला भाऊ नेहमी वाटेवर उभा आणि भावजय नेहमी चुलीपाशी.

बंधू म्हणे, राह्य बाई, काल आली, आज घाई
भावजय चुलीपुढं, वर मान करीत नाही

लहानपणापासून हे कानात मुरलेलं, त्यामुळं वहिनींकडं मी पहिल्यापासून घाबरूनच बघायची. पण वहिनी मला कधी टोचून बोलल्या नाहीत, त्यांनी भांडी आपटली नाहीत, माझ्या ताटात कधी कमी वाढलं नाही. बोलायच्या मात्र कमी. दादा आपल्या आमटीतला बटाटा उचलून माझ्या ताटात टाकायचा, तेव्हा त्या नेमक्या पाणी आणायला उठायच्या. अशी तीन वर्षं गेली.

मग एका दुपारी मेथी निवडता निवडता त्या म्हणाल्या, “वन्सं, एक जुनं घर विकायला निघालंय.”

“कोण घेणार?”

“आपण.”

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण वहिनी थट्टा करत नसत.

त्यांचं माहेर इचलकरंजीचं. वडील जुन्या यंत्रमागांची खरेदी-विक्री करायचे. “आमचे बाबा बंद पडलेला माग घ्यायचे,” वहिनी म्हणाल्या. “झिजलेलं बदलायचे, तेलपाणी करायचे. आणि विकताना काय करायचे, ठाऊक आहे? गिऱ्हाईक यायच्या आधी सूत चढवून माग चालू करून ठेवायचे. खडखड ऐकतच गिऱ्हाईक आत आलं पाहिजे. बंद मागाला भाव येत नाही. घर म्हणजे तरी दुसरं काय?”

“आणि नाही विकलं गेलं तर?”

“तर दोघीजणी बुडू.”

माझ्याकडं होतं काय? पंचांनी बसून सासरकडनं परत मिळवून दिलेलं थोडं सोनं. ते मी मोडलं. वहिनींनी वडिलांनी दिलेले पैसे घातले. घर दोघींच्या नावावर झालं. चांगल्या भावात गेलं तर माझ्या हातात पुन्हा काहीतरी उभं राहणार होतं, माझं स्वतःचं. नाही गेलं, तर जन्मभर दादाच्या ताटातला बटाटा. हे मला ठाऊक होतं आणि वहिनींनाही ठाऊक होतं.

घर मंगळवार पेठेतल्या एका बोळातलं. कौलारू, आगगाडीच्या डब्यांसारख्या तीन खोल्या एकीमागं एक. मधली खोली इतकी काळोखी, की दिवसाही तिथं हात पुढं करून चालावं लागे. मोरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, आणि मागल्या भिंतीला शेजारच्या घराची ओल. घराचे मालक मुलाकडं पुण्याला गेलेले. त्यांना ते एकदाचं नावावरनं उतरवायचं होतं.

इलाही मिस्त्रींनी काम घेतलं. पहिल्या दिवशी वहिनींनी विचारलं, “किती दिवस लागतील?”

“भाभी, तुम्हा दोघींचं एकमत झालं तर महिना. नाही झालं तर पुढल्या बकरीदपर्यंत.”

एकमत कसलं होतंय! मला स्वयंपाकाचा कट्टा उंच हवा, वहिनींना बुटका. मला खिडकीला निळा रंग हवा, वहिनींना तपकिरी, मळखाऊ. मी काही मागितलं, की त्यांचं उत्तर ठरलेलं. “वन्सं, घर विकायला घेतलंय, नांदायला नव्हे.” मधल्या खोलीच्या छपरात मला काचेची चार कौलं बसवायची होती. वहिनी म्हणाल्या, एक बास. मिस्त्रींनी आमच्या दोघींच्या तोंडाकडं बघितलं, शिडीवर चढले आणि दोन बसवली. “एक भाभींचं, एक ताईंचं. आता खाली भांडू नका.”

त्या दोन कौलांतनं उन्हाचे दोन तुकडे खाली फरशीवर पडले. माध्यान्हीपर्यंत ते सरकत सरकत भिंतीकडं जायचे. मी कितीदा काम सोडून ते बघत बसायची. त्या काळोख्या खोलीला कुणीतरी डोळे दिले, असं वाटायचं.

मोरी बाहेर काढली, भिंती खरवडून गिलावा केला, चुना दिला. मग वहिनी म्हणाल्या, “आता सूत चढवायचं.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुम्ही इथं राहायचं. चूल पेटलेली पाहिजे, तुळशीला पाणी पाहिजे, दोरीवर ओलं लुगडं पाहिजे. नांदतं घर दाखवायचं. रिकाम्या घराला गिऱ्हाईक पाडून मागतं.”

दादानं खूप कटकट केली. वहिनींनी ऐकलं नाही. अशी ती कडीची संध्याकाळ उगवली.

रोज सकाळी वहिनी यायच्या आणि नाटकाचा पडदा वर जायच्या आधी करतात तसं सगळं मांडायच्या. दारात चपलांचे दोन जोड. मांडणीत दोन कप उपडे. चुलीवर शिजती डाळ, म्हणजे हिंगाचा वास बोळापर्यंत जाईल. एकदा पिशवीतनं दादाचा जुना शर्ट काढून त्यांनी दोरीवर वाळत घातला.

“हा कशाला?”

“घरात पुरुष आहे, असं वाटायला नको?”

“आणि कुणी विचारलं कुठाय, तर?”

“कामावर गेलाय म्हणायचं. भर दुपारी घरात सापडणारा पुरुष कुणाला आवडतो?”

मला हसू फुटलं. वहिनींनाही. तीन वर्षांत आम्ही दोघी एकाच वेळी हसलो, ते तेव्हा पहिल्यांदा.

आणि मला सांगितलं पाहिजे, मला तिथं बरं वाटायला लागलं. चहा पाहिजे तेव्हा करायचा, नको तेव्हा नाही. भाकरी करपली तर करपली. दुपारी उन्हाच्या तुकड्यात बसून मी आईच्या ओव्या म्हणायची, आणि तिच्या आठवेनात तेव्हा माझ्या मलाच सुचायच्या.

रिकाम्या ग खोलीमंदी माझा मला साद येई
चार भिंती ऐकणाऱ्या, पाचवी मी भिंत होई

पहिलं गिऱ्हाईक आलं, ते आडत दुकानदार. त्याला गोदाम करायचं होतं. दोन्ही काचेची कौलं काढावी लागतील म्हणाला. भावही पाडून मागितला. वहिनींनी खूप ताणून धरलं, शेवटी त्यालाच जमेना. तो गेल्यावर वहिनी खरंच हळहळल्या होत्या.

मग मगदूम एजंट आला. तोंडात सुपारी आणि बोलणं साखरेचं. त्यानं कागवाडकडचे हुक्केरी गुरुजी आणले. गुरुजी, त्यांची बायको आणि आई. गुरुजींची मिरजेत बदली झाली होती. सूनबाई मधल्या खोलीत आली आणि उन्हाच्या तुकड्यात हात धरून उभीच राहिली. “अगबाई, हे बघा तरी!” नवऱ्याला म्हणाली. मला तिथंच वाटलं, घर गेलं.

मी पाणी दिलं. म्हातारीनं तांब्या हातात घेतला आणि विचारलं, “घरधनी कुठं असत्यात?”

मी दोरीवरच्या शर्टाकडं बघितलं. कामावर गेलेत, हे जिभेवर आलं होतं. पण ते शब्द बाहेर पडेनात.

“मला घरधनी नाही, आजी. मी एकटीच राहते इथं.”

“वारले?”

“नाही. जतला असतात.”

म्हातारीनं तांब्या न पिता खाली ठेवला. गुरुजी “कळवतो” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मगदूम आला तेव्हा वहिनी घेवडा निवडत होत्या. “घर शंभर टक्के पसंत आहे,” तो म्हणाला. “भावही तुमचाच. सूनबाई तर इथनं निघायला तयार नव्हत्या. फक्त म्हातारी अडलीय. म्हणती, ज्या घरात बाई नांदली नाही, ते घर आम्हाला कसं लाभायचं?”

“मी नांदले नाही ते जतला,” मी म्हणाले. “इथं नाही.”

“ताई, मला कळतंय ओ. पण म्हातारीला कोण सांगणार? उद्या मी त्यांना परत आणतो. ताई तेवढ्या मागल्या खोलीत बसतील, नाहीतर बाजाराला जाऊन येतील. दार वहिनी उघडतील. भरला हात, कपाळभर कुंकू. म्हातारीला सांगू, ती भाडेकरू होती, काढून टाकली. उद्या संध्याकाळी विसार तुमच्या हातात.”

मला त्यात काही वाईट वाटलं नाही. खरंच नाही. माझ्यासारखीला मागल्या खोलीत बसायची सवय असते. बारशाला, हळदीकुंकवाला, लग्नात. कुणी सांगायच्या आधीच पाय तिकडं वळतात. “जाते की मी,” मी म्हणाले. “तासाभराचा तर प्रश्न.”

वहिनींनी घेवड्यावरनं मान वर केली नाही. “दार वन्संच उघडतील.”

“अहो, ऐका तर—”

“तुम्ही ऐका. घर त्यांच्याही नावावर आहे. स्वतःच्या घरात त्यांनी लपून बसायचं?”

मगदूमची साखर संपली. “वहिनी, नांदतं घर दाखवायचं म्हणता, आणि दाखवताय कोण? न नांदलेली बाई! असा कुठं सौदा होतोय?”

“न होऊ दे.”

तो गेल्यावर मी वहिनींच्या पुढ्यात बसले. “वहिनी, माझं सगळं सोनं ह्यात आहे. मी बसते ना आत. मला काही वाटत नाही.”

“भाकरी थापा,” वहिनी म्हणाल्या. “पीठ वाळतंय.”

दुसऱ्या दिवशी दादाही आला, जेवणाची सुट्टी काढून. त्याला मगदूमनं गाठून सांगितलं असणार. “मालन, तू चल माझ्याबरोबर,” तो म्हणाला. “स्टेशनवर चहा पिऊ, तासाभरात परत येऊ.”

“त्या कुठंही जाणार नाहीत,” वहिनी म्हणाल्या.

“अगं, सौदा मोडेल!”

“मोडू दे.”

दादानं वहिनींकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग खाली बघत पायरीवर जाऊन बसला. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. मला वाटलं, बहिणीला लपवायला निघालो म्हणून त्याला शरम वाटली असेल.

बाहेर पावलं वाजली. माझे हात पिठाचे होते. मी ते धुवायला वळले, तर वहिनींनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला पुढं ढकललं. “तशाच जा. दोन्ही फळ्या उघडा.”

मी दोन्ही फळ्या उघडल्या.

म्हातारी पायरीवर होती. तिनं माझ्याकडं बघितलं, माझ्या मोकळ्या गळ्याकडं बघितलं, आणि वर टाकलेला पाय मागं घेतला. वळली आणि चालायला लागली. गुरुजी हात जोडून “आईचं मन…” असं काहीतरी पुटपुटले. सूनबाईनं जाता जाता आत वाकून छपराकडं एकदा बघून घेतलं. मगदूम बोळाच्या टोकापर्यंत बडबडत गेला.

मी चुलीपुढं बसून रडले. सोन्यासाठी रडत होते की कशासाठी, माझं मलाच कळत नव्हतं. जतहून आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी मला मागल्या खोलीतनं पुढच्या दारात ढकललं होतं. त्या हाताचा दाब कितीतरी दिवस माझ्या खांद्यावर राहिला. वहिनी शेजारी बसून भाकऱ्या भाजत होत्या. एक टम्म फुगलेली भाकरी माझ्या ताटात टाकत त्या म्हणाल्या, “जेवा. गिऱ्हाईक काय, येईल.”

पण यायचं गिऱ्हाईक कमी झालं. मगदूमनं बाजारात बोलून ठेवलं असावं. पावसाळा गेला, नवरात्र गेलं. दादा भेटायला आला, की विचारायचा, काही लागलं का? मी नाही म्हणायची. गंमत म्हणजे घर विकलं जात नव्हतं, तरी तो मला पूर्वीपेक्षा तजेलदार दिसायचा. वहिनीही. एकदा तर डोक्यात अबोलीचा गजरा घालून आल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, “बाजारात स्वस्त होता.”

आणि वहिनी गिऱ्हाइकाला आता सगळं खरंखरं सांगायला लागल्या. एका कापडवाल्याला घर आवडलं होतं, त्याला म्हणाल्या, “पाणी दिवसाआड येतं हं, आधीच सांगते.” तो गेला. दुसऱ्याला सांगितलं, समोर गणपतीत दहा दिवस लाऊडस्पीकर असतो. तोही गेला. माझा जीव वरखाली व्हायचा, पण मनात म्हणायची, काय ही बाई! आपलं नुकसान होत असतानाही दुसऱ्याला फसवणार नाही. पुढं माझा धंदा ह्याच एका गोष्टीवर उभा राहिला. घराची खोड मी आधी सांगते, गुण नंतर. लोक म्हणतात, मालनताईकडं डोळे मिटून घर घ्यावं. ते मी वहिनींकडं शिकले.

दिवाळीच्या तोंडावर एस्तेर सिस्टर आल्या. एका दवाखान्यात नर्स होत्या. ड्यूटी संपवून तशाच, पांढऱ्या साडीत. बरोबर एजंट नाही, कुणी पुरुष नाही. नवरा वारलेला, घरी दोन मुली. त्यांनी कौलं बघितली नाहीत, कट्टा बघितला नाही. माझ्याकडं बघितलं.

“इथं तुम्ही एकट्या राहता?”

“होय.”

“कधीपासनं?”

“उन्हाळ्यापासनं.”

“भीती?”

“पहिले दोन दिवस वाटली. मग नाही. समोरच्या काकू खिडकीत असतात. बोळात नवीन माणूस शिरला, की आधी त्या खाकरतात.”

सिस्टर हसल्या. “मला रात्रपाळी असते. मुली एकट्या असतात घरात. आजवर पुष्कळ घरं बघितली. सगळे सांगतात, बोळ चांगला आहे, शेजार चांगला आहे. पण राहून बघितलेली बाई पहिल्यांदाच भेटली.”

वहिनी आतनं पुढं आल्या. “सिस्टर, मागली भिंत पावसात ओल धरते.”

“बरं.”

“पाणी दिवसाआड येतं.”

“बरं.”

“कौलं दरसाल परतायला लागतात. माकडं येतात.”

“वहिनी,” सिस्टर म्हणाल्या, “तुम्ही घर विकताय की राखताय?”

वहिनी काही बोलणार, इतक्यात सिस्टरच म्हणाल्या, “एवढं खरं सांगणारी माणसं मला मिळाली नव्हती. तुमचा भाव मला मान्य आहे.”

“दिलं!” मी म्हणाले.

माझ्या तोंडातनं ते कसं निघालं, मला कळलं नाही. तोवर कुठल्याही व्यवहारात मी शब्द काढला नव्हता. वहिनींनी माझ्याकडं बघितलं, “चहा टाकते,” म्हणाल्या आणि आत गेल्या. चहाला फार वेळ लागला. मी डोकावले, तर त्या विझलेल्या स्टोव्हपुढं नुसत्या उभ्या होत्या. आनंदानं भरून आलं असेल, असं मला वाटलं.

पैसे आम्ही धरले होते त्यापेक्षा जास्त आले. निम्मे त्यांचे, निम्मे माझे. एस्तेर सिस्टरनीच मला आणखी एक पडकं घर दाखवलं. मी ते घेतलं, आणि ठरवलं की सरळ तिथंच राहायला जायचं. राहत राहत दुरुस्त करायचं.

“म्हणजे क्वार्टरवर यायचं नाही?” वहिनींनी विचारलं.

“नाही, वहिनी. सूत चढवायला पाहिजे.”

माझी ट्रंक त्यांनी स्वतः उचलून रिक्षात ठेवली. मला हात लावू दिला नाही.

ह्या सगळ्याला तीस वर्षं झाली. गेल्या साली सांगली रस्त्याला मी माझी पहिली नवीन इमारत बांधली. लहानशीच, पण जुन्याची दुरुस्ती नाही, पायापासून माझी. वास्तूला माणसं बोलावली. दादाला जाऊन चार वर्षं झाली होती. वहिनी आल्या, आणि सई आली. सई दादा-वहिनींना फार उशिरा झालेली लेक, पहिलं घर विकलं त्याच्या पुढल्या वर्षीची. ती मोबाईलवर सगळ्यांचे फोटो काढत फिरत होती. मी सगळ्यांसमोर उभी राहून दाराची गोष्ट सांगितली. म्हातारी, मगदूम, माझे पिठाचे हात, खांद्यावरचा तो दाब. मग वहिनींच्या खांद्यावर इरकल पांघरली आणि त्यांच्या पाया पडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काही बायकांनी डोळे पुसले. वहिनी मात्र काष्ठासारख्या बसून होत्या.

माणसं पांगली. मांडववाले खुर्च्या रचत होते. वहिनींनी मला हाक मारली. साडी घडी घालून त्यांच्या मांडीवर होती.

“हे परत घ्या,” त्या म्हणाल्या.

पुढं त्या काय बोलल्या ते सांगतेच. पण आधी हे सांगते, की साडी मी परत घेतली नाही. यंदा दिवाळीला आणखी एक घेतली, त्याहून भारी. आणि दाराची गोष्ट आजही तशीच सांगते, एका शब्दाचा फरक न करता. माझं दार वहिनींनी उघडलं. त्यांनी मला ढकललं नसतं, तर मी अजून कुठल्यातरी मागल्या खोलीत बसले असते. हे काल खरं होतं आणि आजही खरं आहे.

“का ओ वहिनी? रंग आवडला नाही?”

“रंग चांगलाय. ज्यासाठी देताय ते खोटंय.”

सई आमच्याकडं येत होती. वहिनींनी तिला पाणी आणायला पाठवलं आणि ती लांब जाईपर्यंत थांबल्या.

“इतकी वर्षं तुम्ही ती गोष्ट सांगताय आणि मी ऐकतेय. तुमचे दादा होते तोवर ते माझ्याकडं बघून गालात हसायचे. त्यांना ठाऊक होतं. दोघांत मिळून गप्प राहायला सोपं जातं. आता एकटीला जमत नाही.”

मी त्यांच्या खुर्चीपाशी खाली फरशीवर बसले.

“त्या म्हातारीला मी घालवली, ते तुमच्या मानासाठी नव्हं, वन्सं. तो दुकानदार आला, तेव्हा मला विकायचंच होतं, देवाशप्पथ. पण मगदूम म्हणाला, उद्या सौदा होतोय, आणि मी मुद्दाम तुम्हाला दारात उभं केलं. नंतरचेही मीच पळवले. त्या सिस्टरलाही पळवणार होते, पण ती ऐकेल तर ना! माकडं कुठं होती ओ त्या बोळात?”

“का पण, वहिनी?”

त्यांनी माझा हात धरला.

“मी लग्न होऊन आले, तेव्हा सासूबाई अंथरुणाला होत्या. त्या गेल्या, आणि वर्षाच्या आत तुम्ही आलात. तुम्ही आल्या दिवशी तुमच्या दादांनी आपली वळकटी उचलली आणि बाहेर व्हरांड्यात नेली. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. नवऱ्यानं सोडलेली बहीण घरात, तिच्या डोळ्यांदेखत आपला संसार नको, म्हणून. तुम्ही आत माझ्याशेजारी झोपायचात. तुम्हाला वाटायचं, त्यांना बाहेर वारा लागतो म्हणून जातात.” पाण्याचा पेला घेऊन सई परत येत होती. वहिनींनी तिच्याकडं बघितलं आणि आवाज अगदी लहान केला. “तुम्ही त्या घरात राहायला गेलात, त्या संध्याकाळी ती वळकटी आत आली. घर विकलं असतं, तर ती परत बाहेर गेली असती.”